आठवणींचं पुस्तक: रेकॉर्डिंगपासून छपाईपर्यंत

घरातलं कोणी पंच्याहत्तरीला आलं की हमखास विषय निघतो, "दादांवर एक पुस्तक काढू या." मग नातेवाइकांकडून लेख मागवले जातात. 'आमचे दादा म्हणजे वटवृक्ष' अशा वळणाचे दहा-बारा लेख येतात, एखाद्या पुढाऱ्याचा शुभेच्छा संदेश येतो, मागच्या पानांवर जाहिराती बसतात. सोहळ्यात प्रती वाटल्या जातात आणि वर्षभरात त्या माळ्यावर पोचतात. अशा पुस्तकात दादा स्वतः कुठेच बोलत नाहीत. पहिला पगार किती होता, तो कुणाच्या हातात दिला, गावाहून आल्यावर पहिली रात्र कुठे काढली, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

आपल्याकडे कुलवृत्तांताचीही जुनी परंपरा आहे. चिकाटीचं काम असतं ते, आणि वंशावळीसाठी त्याला तोड नाही. पण पुष्कळ कुलवृत्तांतांत पुरुषाचं शिक्षण, नोकरी, बदल्या सगळं सापडतं आणि बायकोच्या नावापुढे माहेरचं नाव नि आडनाव, एवढंच. चाळीस वर्षं ते घर जिने चालवलं ती अर्ध्या ओळीत संपते.

हा लेख तिसऱ्या प्रकारच्या पुस्तकासाठी आहे. त्यात माणसं आपल्या तोंडाने बोलतात आणि रोजचं जगणं तपशिलाने येतं. ते एका आजीचं असेल, एका वाडीचं असेल किंवा पाडून टाकलेल्या चाळीचं. खर्च फार नाही. वेळ मात्र लागतो, आणि वयाचा विचार केला तर ज्यांना विचारायचं त्यांच्याकडे तो कमी असतो.

आधी आवाका ठरवा

'आमच्या घराण्याचा समग्र इतिहास' असं ठरवून बसलात तर काम पुरं होणार नाही. एक माणूस, एक घर, एक आळी किंवा एक काळ धरा. 'आजीची लग्नानंतरची पंधरा वर्षं' हा नेमका विषय झाला. 'गिरणीच्या संपात आमचा मजला' हाही झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात ओढले गेले. संपावर लिहिलं पुष्कळ गेलंय, पण तुमच्या मजल्यावर कुणाची चूल कशी चालली हे सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर उरली असतील.

वाचणारे कोण, हेही तेव्हाच ठरवून टाका. नातवंडं परदेशात असतील, मराठी समजत असेल पण देवनागरी भरभर वाचता येत नसेल, तर आवाजाची ध्वनिफीत हा पुस्तकाइतकाच महत्त्वाचा भाग ठरतो. रेकॉर्डिंग त्या तयारीने करावं लागतं.

कुणाला विचारायचं

प्रत्येक घरात आणि गावात एक अधिकृत सांगणारा असतो. त्याच्याकडे सगळ्या गोष्टी घोटून तयार असतात. त्याचं जरूर ऐका, पण सुरुवात त्याच्यापासून करू नका, कारण मग पुढचे सगळे "अण्णांनी सांगितलंच आहे की" म्हणून गप्प बसतात. वयाने सगळ्यांत मोठं आणि तब्येतीने नाजूक जे माणूस असेल तिथून सुरू करा. त्यानंतर घरात असूनही घराच्या गोष्टीत न येणारी माणसं गाठा: माहेरी राहिलेली आत्या, मुंबईला खोलीवर राहून पैसे पाठवणारा चुलता, पिढ्यान्‌पिढ्या शेतावर राबलेलं कुटुंब.

आजी म्हणाली, "मला काय येतंय सांगायला? मी अडाणी," तर तिला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा. हेमा रायरकर आणि गी पॉइतवां यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांनी सासर, भाऊ, पाऊस, विठ्ठल, बाबासाहेब यांच्याविषयी जे मोकळेपणाने कुणाला सांगितलं नसतं, ते ओवीत सांगून ठेवलेलं त्या संग्रहात दिसतं. ओवी झाली की विचारा, "ही कुणाकडून शिकलीस? दळायला सोबतीला कोण असायचं?" तिथून बोलणं आपोआप सुरू होतं.

प्रश्न

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. मोठा प्रश्न विचारला की मोठं, पोकळ उत्तर येतं. "दुष्काळात तुमचे फार हाल झाले असतील ना?" यावर "व्हय बाबा, लई हाल," एवढंच येणार, कारण उत्तर तुम्ही प्रश्नातच देऊन टाकलंय. त्याऐवजी वस्तू, जागा, हात, वेळ यांच्याबद्दल विचारा. "बहात्तरला खडी फोडायला जायचात तेव्हा सोबत फडक्यात काय बांधून न्यायचात?" मग साधारण अशा वळणाचं काही येतं:

"काय न्यायाचं? मिलोची भाकर. लालभडक, रबरावानी. गार झाली की तुटायची न्हाई. दुपारच्याला सुकडी मिळायची, ती मी खायाची न्हाई, पदरात बांधून आनायची धाकट्यासाठी. मुकादम बघायचा, पर बोलायचा न्हाई."

या पाच-सहा वाक्यांत दुष्काळी काम, परदेशी धान्य, सरकारची सुकडी, आईपण आणि एका मुकादमाची माणुसकी असं सगळं आलं. आता मागोमागचे प्रश्न विचारा: मुकादम कुठला होता? हजेरी कशी लागायची? खडी मोजून घ्यायचे की दिवसावर पैसे? पैसे कुणाच्या हातात मिळायचे? धाकट्याला दिवसभर कोण सांभाळायचं?

सोबत न्यायला काही हुकमी प्रश्न देतो. लहानपणीच्या घरात उंबऱ्यातून आत आलं की डाव्या हाताला काय होतं? पाणी कुठून यायचं आणि कोण आणायचं? तुम्हाला घरात काय नावाने हाक मारायचे, आणि चिडून काय? जेवायला कोण आधी बसायचं, कोण शेवटी? पहिल्यांदा चप्पल कधी घातली? घरात कुठल्या नावाचा उच्चार करायचा नाही असं होतं? आजारी पडल्यावर आधी कुणाकडे नेत? कुणाच्या घरी पाणी पीत नव्हता, आणि तुमच्याकडे कोण पीत नव्हतं? हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड जातो. पण तो टाळलात तर पुस्तकातलं गाव खोटं होतं.

उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न मारू नका. गप्प राहा. म्हातारी माणसं थांबून, तोंडातलं पान सारखं करून पुढे बोलतात आणि खरी गोष्ट बहुधा त्या थांबण्यानंतर येते. मध्ये सून किंवा मुलगा "असं नव्हतं आई, तू विसरलीस" म्हणत असेल तर त्याला चहा करायला पाठवा. त्याची बाजू नंतर स्वतंत्र घ्यायची.

रेकॉर्डिंग

साधा मोबाइल पुरतो. विमान मोड लावा, नाहीतर ऐन रंगात आलेल्या गोष्टीत बँकेचा फोन येतो. मोबाइल थेट टेबलावर किंवा ट्रंकेवर ठेवला तर हात आपटल्याचे आवाज घणासारखे येतात. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि मोबाइल बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असू द्या. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकरची वेळ टाळायची. आधी मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून बघा.

सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय आणि खोलीत आणखी कोण आहे हे सांगा. शिवाय "आजी, हे रेकॉर्ड करतोय, पुस्तकासाठी वापरलं तर चालेल ना?" असं विचारून होकारही त्यातच घ्या. एका बैठकीला तास पुष्कळ झाला. कॅमेरा समोर आला की बरीच माणसं पदर नीट करून भाषणाच्या भाषेत बोलायला लागतात, म्हणून पहिल्या दोन-तीन बैठका नुसत्या आवाजाच्या ठेवा.

त्याच रात्री फाइलला नाव द्या: साल, महिना, दिवस, मग माणूस आणि विषय. 'रेकॉर्डिंग १७' असं राहिलं तर सहा महिन्यांनी त्यात काय आहे ते तुम्हालाही सांगता येणार नाही. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे जपलं, असं धरून चालू नका.

साल कसं लावायचं

जुन्या माणसांना तारखा आठवत नाहीत. कागदावर असलेल्या तारखाही भरवशाच्या नसतात. एका पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला का येतो? शाळेत नाव घालायला नेलं, जन्मतारीख माहीत नव्हती, मास्तरांनी सहा वर्षं मागे जाऊन १ जून लिहून टाकली. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख हा पुरावा धरू नका. तो फक्त अंदाज असतो.

माणसं काळ मोजतात तो घडलेल्या गोष्टींवरून. म्हणून बैठकीला जाताना त्या भागातल्या ठळक घटनांचा एक कागद करून न्या. १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आता आई-वडिलांकडून ऐकलेली म्हणूनच भेटेल. त्यानंतरच्या खुणा अशा: १९४२ ची चळवळ, जानेवारी १९४८ मधला गांधीजींचा खून आणि त्यानंतरची जाळपोळ. मराठवाड्यात रझाकारांचा काळ आणि १७ सप्टेंबर १९४८. एप्रिल १९५७ मध्ये आलेले नवे पैसे, १ मे १९६०, पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, गोव्यात १९ डिसेंबर १९६१. कोयनेकडे ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा भूकंप, सगळीकडे बहात्तरचा दुष्काळ, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३, म्हणजे गणपती विसर्जनानंतरची ती भूकंपाची पहाट.

प्रश्न असा करायचा: "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही या घरात होता की जुन्या?" "पानशेत फुटलं तेव्हा थोरला केवढा होता, रांगत होता की चालत होता?" बायका पुष्कळदा बाळंतपणांवरून अचूक काळ सांगतात. असे दोन-तीन धागे जुळले की साल एक-दोन वर्षांच्या आत बसतं. पुस्तकात तसंच लिहा: '१९५८ च्या सुमारास'. उगाच नेमकी तारीख चिकटवू नका.

जन्मपत्रिका सापडली तर त्यावर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवायचे. संवत्सराच्या नावाने ताळा करता येतो. शके १८७० हे सर्वधारी, म्हणजे १९४८-४९. मात्र हे नाव साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणून एकट्या नावावर विसंबू नका. निजामाच्या राज्यातल्या कागदांवर फसली साल असतं. त्यात साधारण ५९० मिळवा.

कागद

आठवणीला कागदाचा टेकू मिळाला की दोन्हींची किंमत वाढते. आधी घरातलीच ट्रंक उघडा. मनिऑर्डरच्या पावत्या, रेशनकार्डं, गिरणीचा पास, लग्नाची यादी, बारशाच्या आहेराची वही, किराण्याचं खातं. मनिऑर्डरच्या पावत्या तर तारखेवार लावल्या की मुंबईतल्या माणसाची अख्खी कारकीर्द दिसते. रक्कम कधी वाढली, कधी दोन महिने आलीच नाही, कूपनवर लिहिलेल्या दोन ओळींत काय काय बसवलं.

घराबाहेर तीन-चार ठिकाणं. शाळेचं जनरल रजिस्टर, त्याचा उतारा मुख्याध्यापकांकडे अर्ज करून मिळतो. तलाठी आणि तहसील कार्यालयातले जुने सातबारा आणि फेरफार. जमीन कुणाकडून कुणाकडे, कशाने गेली, वाटणी कधी झाली हे फेरफारात असतं आणि घरात सांगितली जाणारी गोष्ट कधी कधी त्याच्याशी जुळत नाही. जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या: गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या पणजोबांनी कधी येऊन कुणाकुणाची नावं लिहवली ते निघण्याची शक्यता असते. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी दारावर येतात. त्यांच्याकडेही घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. पुढच्या वेळी धान्य देऊन वाटेला लावू नका, बसवून घ्या आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

कागद मोडी लिपीत असेल तर त्याचे फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत विचारलं तर वाट सापडते. चिकटपट्टी लावणं, लॅमिनेशन करणं हे प्रकार मूळ कागदावर अजिबात करू नका. लॅमिनेशन केलेला कागद परत मोकळा होत नाही.

उतरवून काढणं आणि भाषा

तासाभराचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. मोबाइलचं मराठी बोलून टाइप करण्याचं साधन प्रमाण भाषेला बरं चालतं. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी आली की ते भलतंच लिहितं, आणि वाईट म्हणजे ते चुकीचं असूनही शुद्ध दिसतं. ते वापरलंत तरी कान लावून एकदा पूर्ण तपासा.

पहिला खर्डा जसाच्या तसा करायचा: अडखळणं, पुनरुक्ती, '[हसतात]', '[इथे थोडा वेळ गप्प]' यांसकट. त्याची प्रत बाजूला ठेवून द्या आणि तिला पुन्हा हात लावू नका. पुस्तकासाठीची दुसरी प्रत वेगळी. तिच्यात तेच तेच कापा, गोष्टींचा क्रम लावा, पण बोलणाऱ्याचे शब्द आणि क्रियापदं बदलू नका. 'न्हाई'चं 'नाही' केलंत की आजीच्या जागी शाळामास्तर बोलायला लागतो. जोडवाक्यं, निवेदन, टिपा तुमच्या प्रमाण मराठीत असू देत. वेगळ्या वळणाचे शब्द शेवटी अर्थासह द्या.

मूळ खर्डा का जपायचा, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण विष्णुभट गोडसे यांचं. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक घरची ओढगस्त भागवायला, दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्यात तो आत होता. पुढे त्याने हा प्रवास लिहून काढला. इतिहासकार चिं. वि. वैद्यांनी तो १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापला, पण छापताना त्यावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात राहिलं म्हणून १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना गोडसे भटजींची स्वतःची भाषा वाचकांपुढे ठेवता आली. वैद्यांनी ते छापलं नसतं तर कदाचित आपल्याला गोडसे माहीतच झाले नसते, हेही खरं. संपादकाने हात फिरवावा, फक्त मूळ जाळू नये.

छापायचं की नाही

वाटणीचे वाद, दुसरं लग्न, घर सोडून गेलेली बाई, कर्ज, दारू. बोलण्याच्या ओघात हे येणारच. प्रत्येक बोलणाऱ्याला त्याचा मजकूर छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा. नुसता कागद हातात देऊ नका, चष्म्याचं कारण सांगून न वाचताच मान डोलावतात. "हे काढ" म्हणाले तर काढा. रेकॉर्डिंगमध्ये ते राहू दे का, किती वर्षांनी ऐकवलं तर चालेल, हे मात्र विचारून लिहून घ्या. हयात तिसऱ्या माणसाबद्दल काही गंभीर असेल तर त्याची बाजू घ्या, नाहीतर नाव आणि ओळखीच्या खुणा बदला आणि बदलल्याचं पुस्तकात सांगा.

पण सोसलेल्या माणसाने स्वतःवर झालेला अन्याय सांगितला असेल आणि "घराण्याचं नाव जाईल", "गावाची बदनामी होईल" असं म्हणून दुसरंच कुणी तो काढायला सांगत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. काढू नये. निर्णय सांगणाऱ्याचा, बाकी कुणाचाही नाही.

जुनी पत्रं छापायची असतील तर हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, पत्र ज्याच्याकडे आहे त्याचा नव्हे. लेखी होकार घ्या.

गावाचं, चाळीचं पुस्तक असेल तर

लेख मागवण्याआधी नकाशा काढा. लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर काढला तरी चालेल, मोठा कागद मिळाला तर उत्तम. तीन-चार जुनी माणसं सभोवती बसवा आणि विचारा: विहिरी किती, कुठली कुणाची? पार कुठे? वेस कुठे होती? जात्रेत पालखी कुठल्या वाटेने जायची आणि कुठल्या वाटेने जायची नाही? भांडणं होतील, ती रेकॉर्ड करा. कुणी म्हणतो कुंभारवाडा ओढ्याच्या अलीकडे, कुणी पलीकडे. कळतं असं की ओढ्याचंच पात्र बदललंय.

नकाशा दोनदा काढा: एकदा गावठाणातल्या माणसांसोबत, एकदा गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांसोबत. दोन्ही नकाशे शेजारशेजारच्या पानांवर छापा. पहिल्यात सगळी देवळं आणि वाडे नावानिशी असतात आणि वस्तीच्या जागी नुसता एक गोल. दुसऱ्यात त्या गोलातली घरन्‌घर असतात. अख्ख्या पुस्तकात एवढं बोलकं पान दुसरं होणार नाही.

धरणात गेलेल्या गावांना हा नकाशा जास्तच लागतो. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. अशा वेळी जुन्या रहिवाशांना तिथे नेऊन चालता चालता रेकॉर्ड केलं, तर घरी बसून न आठवलेलं पुष्कळ आठवतं. चाळीसाठी हेच मजल्यांच्या आराखड्यावर करायचं: खोली क्रमांक, कोण राहत होतं, कुठल्या साली आलं, मूळ गाव कुठलं. गिरणगावात एका कोकणी गावाची सामाईक खोली असायची आणि पाळीपाळीने माणसं तिथे झोपायची. अशा खोलीत राहिलेला कुणी भेटला तर वळकट्या कुठे ठेवत, खानावळ कुणाची होती आणि भांडण झालं तर निवाडा कोण करी, हे विचारल्याशिवाय उठू नका.

फोटो

अल्बमला चिकटून बसलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. छोट्या फोटोंना स्कॅनची बारकाई ६०० डीपीआय ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीशेजारी सावलीत, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो घ्या. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. नावं डावीकडून उजवीकडे, रांगवार. 'अनोळखी' असं लिहायलाही लाजू नका, पुस्तक वाचून कुणीतरी ओळखतंच. कडेला उभी असलेली गडी-माणसं, कामाच्या बायका यांची नावं आवर्जून विचारा.

मांडणी आणि छपाई

जन्मापासून सुरुवात करायलाच हवी असं नाही. सगळ्यांत जिवंत प्रसंग पुढे घ्या. वंशावळ, नकाशा, सालवार घटना, शब्दार्थ आणि नावांची सूची शेवटी. सूची करायचा कंटाळा करू नका, नातेवाईक पुस्तक उघडतात ते आधी आपलं नाव शोधायला.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. फुकट मिळणाऱ्या फॉन्टपैकी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा किंवा तिरो देवनागरी मराठी पुस्तकाला शोभतात. त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात. काही छापखाने मजकूर आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. त्या बदलात 'ऱ्या' आणि 'ऱ्हा'मधला र, 'ॲ' आणि काही जोडाक्षरं हमखास बिघडतात. म्हणून शेवटचं प्रूफ छापखान्याच्या फाइलवरून काढलेल्या कागदावरच वाचा. 'सुऱ्या'ची 'सुर्या' झाली की सुरीच्या जागी सूर्य उगवतो. शक्य असेल तर प्रूफ घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. ७० ते ८० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, किंचित पिवळसर छटेचा. अक्षर चौदा पॉइंट ठेवा, वाचणारे बरेचसे साठीपुढचे असतील. पानं सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडतं. कव्हरवर सोनेरी अक्षरं काढण्यापेक्षा ते पैसे बांधणीवर घाला. नुसत्या गोंदाच्या बांधणीची पानं काही वर्षांत सुटतात. किमान वीस-पंचवीस प्रती फॉर्म (सोळा पानांचे जुडगे) शिवून, पुठ्ठा बांधणीत करून घ्या, त्या ग्रंथालयांसाठी.

बोलणाऱ्याचा आवाज ऐकवणारा क्यूआर कोड छापायची सध्या पद्धत आहे. छान वाटतं, पण ज्या जागेवर ती फाइल ठेवली ती बंद पडली की छापील चौकोन मुका होतो. कोड छापा, पण त्याच्या भरवशावर मजकूर गाळू नका.

प्रती कुठे द्यायच्या

विकायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक घ्या. राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, त्याला शुल्क नाही आणि स्वतः प्रकाशक होऊनही तो मिळतो. प्रकाशित पुस्तकाची एकेक प्रत १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. घरगुती पुस्तकवाले हे करत नाहीत. करावं.

मग आपल्या भागातलं जुनं ग्रंथालय गाठा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. पुस्तक देताना ग्रंथपालांना भेटून ते स्थानिक इतिहासाच्या विभागात ठेवायला सांगा, नाहीतर 'चरित्र'च्या कपाटात हरवतं. दाखल क्रमांक लिहून आणा. गावातल्या शाळेत एक, ग्रामपंचायतीत एक, आणि ज्यांनी ज्यांनी बोलणं दिलं त्या प्रत्येकाच्या हातात एक, समारंभाची वाट न बघता.

पुस्तक वाटल्यावर फोन येतील. "ती विहीर आमची नव्हती", "फोटोतला तो माणूस माझा मामा". त्यासाठी एक वही वेगळी काढा: तारीख, कोणी सांगितलं, कुठल्या पानावरचं, काय दुरुस्ती. रागावून बोलणाऱ्यांचं आधी लिहून घ्या, त्यांच्याकडे सांगण्यासारखं सहसा सगळ्यांत जास्त असतं. मोबाइल चार्ज करून त्यांच्याकडे जा.